बाप्तिस्म्यानंतरचा झगडा : प्रस्तावना

ख्रिस्ती माणसाने बाप्तिस्मा घेतला की तो पापाच्या सत्तेतून मुक्त झाला असे मंडळी जाहीर करते, आणि तोच माणूस पुढे आयुष्यभर, दर रविवारच्या उपासनेत, इतरांच्या बरोबरीने मान खाली घालून आपल्या पापांची कबुली देत राहतो. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हा ख्रिस्ती जीवनातील सर्वांत जुना आणि सर्वांत व्यावहारिक प्रश्न आहे. मुक्ती मिळाली असेल तर झगडा कशासाठी, आणि झगडा चालूच असेल तर मुक्ती मिळाली हे कशावरून, असे विचारणारा माणूस अविश्वासी नसतो. बहुधा तो आपल्या विश्वासाकडे इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने पाहत असतो. नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाडसारख्या तालुक्यातील लहान-लहान मंडळ्यांमध्ये, हा प्रश्न ग्रंथांतून कमी आणि घराघरांतून अधिक विचारला जातो, आणि त्याला मिळणारी उत्तरे पुष्कळदा इतकी घाईची असतात की विचारणारा पुन्हा विचारायचेच सोडून देतो. त्या माणसाला समोर ठेवूनच या विषयाची मांडणी व्हायला हवी.

प्रथम पाप या संकल्पनेचा उलगडा आवश्यक आहे, कारण मराठी वाचकाच्या मनात हा शब्द रिकामा नाही. पाप-पुण्याचा हिशेब, गेल्या जन्मीचे संचित, त्या संचिताचे या जन्मी भोगावे लागणारे फळ, आणि प्रायश्चित्ताने होणारी शुद्धी, असा मोठा विचारव्यूह त्याच्यामागे उभा आहे. पवित्र शास्त्रातील पापाची कल्पना याहून वेगळ्या पायावर उभी आहे. तेथे पाप म्हणजे एखादे वाईट कृत्य एवढेच नसून, त्या कृत्यामागची देवापासून तोंड फिरवलेली वृत्ती, आणि त्याही पलीकडे माणसाला आपल्या ताब्यात ठेवणारी एक सत्ता, असे तीन थर आहेत. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पापाचा उल्लेख एखाद्या धन्यासारखा येतो. तो राज्य करतो, राबवून घेतो आणि शेवटी मरणाची मजुरी देतो. यांपैकी कृत्याची क्षमा होते, सत्ता मोडली जाते, पण वृत्ती मात्र हळूहळू, पुष्कळदा रडतखडत बदलते. या वृत्तीसाठी पौल जी संज्ञा वापरतो तिचा अर्थ मराठी शास्त्रात 'देहस्वभाव' या शब्दाने व्यक्त होतो. देह वाईट आहे असे तिच्यातून सुचवायचे नसून, माणसाने स्वतःलाच केंद्र मानून जगण्याची लागलेली सवय तिच्यातून दाखवायची असते.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) भागातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे ज्या समाजांतून आली, त्या महार-मांग समाजांना शतकानुशतके असे सांगितले गेले होते की त्यांचे हलाखीचे जिणे हे त्यांच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ होय. अशा माणसापुढे उभे राहून तू पापी आहेस असे सांगणारा उपदेशक जर त्या इतिहासाविषयी बेफिकीर असेल, तर सुवार्तेच्या नावाखाली तो जुनाच आरोप नव्या शब्दांत करत असतो. ख्रिस्ती सिद्धांतानुसार पापी सर्वच आहेत, पाटलाच्या वाड्यातलाही आणि गावकुसाबाहेरचाही. आणि ज्याने दुसऱ्याला गावकुसाबाहेर ठेवले त्याचे ते ठेवणे हेही पाप आहे. पापाच्या या सामाजिक अंगाचा विसर पडला तर उरलेली सगळी चर्चा केवळ दारू, विडी आणि शिवीगाळ यांच्याभोवती फिरत राहते.

दास्य आणि सुटका ही पौलाची प्रतिमा समजून घेण्यासाठी नाशिककरांना दूर जावे लागत नाही. आज शहराच्या ज्या भागातून शरणपूर रोड जातो, तेथे चर्च मिशनरी सोसायटीने १९व्या शतकाच्या मध्यास शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. हिंदी महासागरातील गुलामांच्या व्यापारातून इंग्रजी आरमाराने सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींपैकी अनेकांना त्या वसाहतीत आणून ठेवण्यात आले, तेथे त्यांना लिहिणे-वाचणे आणि हातांचे उद्योग शिकवले गेले. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३ मध्ये मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे आफ्रिकेच्या अंतर्भागात निधन झाले तेव्हा त्यांच्याबरोबर होता, आणि पुढच्या वर्षी त्यांचा देह लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये नेण्यात आला तेव्हाही तो सोबत होता. त्याच सुमारास, १८७५च्या आसपास, शरणपूरच्या अनेक आफ्रिकी ख्रिस्ती लोकांनी मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत जाऊन ती उभारण्यास हातभार लावला. ज्या क्षणी गुलामांचे गलबत अडवले गेले त्याच क्षणी त्या मुलांचा मालक संपला. त्यात अर्धे-पाऊण असे काही नव्हते. परंतु स्वतःच्या पायांवर उभे राहणे, भीतीने न दचकता झोपणे, आपल्या श्रमाचे मोल आपल्याला मिळणार आहे यावर विश्वास बसणे, या गोष्टींना वर्षे लागली असतील, हे समजायला कल्पनाशक्तीला फार ताण द्यावा लागत नाही. पौलाच्या शिकवणीतील मुक्ती याच जातीची आहे. येथे उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे: त्या मुलांचे दास्य हे त्यांचे पाप नव्हते, ते दुसऱ्यांनी त्यांच्यावर केलेले पाप होते.

ख्रिस्ती धर्मशास्त्र या दोन गोष्टींना दोन नावे देते. देवाने ख्रिस्तामुळे माणसाला एकदाच आणि पूर्णपणे स्वीकारणे याला नीतिमान ठरवले जाणे म्हणतात. आणि स्वीकारल्या गेलेल्या माणसाचे मन, बोलणे, व्यवहार व नाती पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने हळूहळू बदलत जाणे याला पवित्रीकरण म्हणतात. पहिली गोष्ट दुसरीवर अवलंबून नाही. दुसरी मात्र पहिलीशिवाय सुरूच होत नाही. एवढा क्रम ध्यानात राहिला तरी निम्मा गोंधळ मिटतो, कारण विश्वासणाऱ्याच्या मनातली बहुतेक घालमेल ही हा क्रम उलटा झाल्याने, म्हणजे आपण सुधारलो तर देव आपल्याला स्वीकारील अशी समजूत नकळत धरून बसल्याने होते.

रोमकरांस पत्राचा ७वा अध्याय हा या विषयाचा सर्वांत वादग्रस्त भाग होय. तेथे बोलणारा माणूस सांगतो की त्याला जे चांगले करायचे आहे ते त्याच्या हातून होत नाही, आणि जे नको आहे तेच घडते. हा माणूस कोण, यावर मंडळीत पहिल्या शतकांपासून मतभेद आहेत. अनेक ग्रीक धर्मगुरूंच्या मते हा ख्रिस्तापूर्वीचा, केवळ नियमशास्त्राखाली असलेला माणूस आहे. ऑगस्टीनचे (३५४–४३०) प्रारंभीचे मतही तसेच होते, परंतु माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप जगू शकतो असे शिकवणाऱ्या पेलाजियसपंथाशी झालेल्या वादात त्याने ते बदलले आणि हा विश्वासणाराच आहे असे तो म्हणू लागला. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने हीच वाट पुढे नेली आणि विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही असतो व पापीही, असे सूत्र मांडले. ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–१५६३) कॅथलिक मंडळीची भूमिका नेमकी केली: बाप्तिस्म्यानंतरही वासनेचा ओढा उरतो, तो पापातून आलेला असतो आणि पापाकडे नेतो, परंतु जोवर माणूस त्याला संमती देत नाही तोवर तो ओढा स्वतः पाप नव्हे. १८व्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीने याच्या पलीकडे पाऊल टाकले. परिपूर्ण प्रीतीने भरलेला विश्वासणारा याच जन्मात जाणूनबुजून केलेल्या पापापासून मुक्त जगू शकतो, असे त्याचे म्हणणे होते. नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यात या सर्व परंपरांचे वारस शेजारीशेजारी राहतात, एकमेकांच्या लग्नांना जातात आणि नाताळात एकमेकांकडे फराळाची ताटे पाठवतात, म्हणून हे मतभेद केवळ युरोपच्या इतिहासातले मानून चालणार नाही.

या मतांतून एकच निवडावे असा आग्रह येथे नाही. तरीही एक गोष्ट निःसंदिग्धपणे म्हणता येते: ७वा अध्याय कोणाविषयी आहे हे ठरो वा न ठरो, पौल तेथे थांबत नाही. ८व्या अध्यायाची सुरुवातच ख्रिस्तामध्ये असणाऱ्यांना दंडाज्ञा उरलेली नाही या घोषणेने होते, आणि मग आत्मा माणसाच्या दुर्बलतेत कसा साहाय्य करतो हे सांगितले जाते. ७व्या अध्यायात आपले चित्र पाहून हताश झालेल्या वाचकाने पुस्तक तेथेच मिटले, तर त्याने पौलाचे अर्धेच ऐकले. योहानाच्या पहिल्या पत्रातही असेच दुहेरी बोलणे आहे. आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो असे ते सांगते, आणि देवापासून जन्मलेला पापात रमत नाही असेही सांगते. पडणे आणि पडूनच राहणे यांत त्या पत्राने केलेला भेद सामान्य विश्वासणाऱ्याला सर्वाधिक उपयोगी पडणारा आहे.

आता मराठी ख्रिस्ती परंपरेकडे वळू, कारण या प्रश्नाचे खरे धन तेथे आहे आणि ते पुरेसे वापरले गेलेले नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी मोकळेपणाने नोंदवले की त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे १८९१च्या आसपास, त्यांना उमगले की ख्रिस्ती धर्म त्यांना सापडला होता, परंतु ख्रिस्त स्वतः सापडला नव्हता. तोवर विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी काढलेले शारदा सदन सुरू झाले होते, रमाबाईंचे नाव अमेरिकेपर्यंत पोहोचले होते, आणि सदनाच्या सल्लागारांत निफाडला १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखी माणसे होती. बाहेरून सर्व सिद्ध झालेले असताना आत काही अपुरे आहे हे ओळखणे, आणि ओळखल्यावर ते छापून जाहीर करणे, याला जे धैर्य लागते ते धर्मांतराच्या धैर्याहून कमी नाही. पुढे १९०५ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात जी आध्यात्मिक जागृती झाली तिचा आरंभ पापाच्या तीव्र जाणिवेने आणि रडून केलेल्या कबुल्यांनी झाला, आणि त्या कबुल्या देणाऱ्या मुली-स्त्रिया बहुतेक बाप्तिस्मा घेतलेल्याच होत्या.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत प्रामाणिक पुस्तक मानावे लागेल. त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचे आणि त्यामुळे घरात पसरलेल्या अखंड धाकाचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना, शुद्धीची ओढ माणसाला किती छळू शकते हे कळते. पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर पाच वर्षे ताटातुटीत गेली, आणि १९०० साली लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या. त्याआधी त्यांच्या आत सर्वांत खोलवर रुजलेली गोष्ट, म्हणजे दुसऱ्या जातीच्या माणसाच्या हातचे पाणी न पिण्याची सवय, ही कोणत्याही उपदेशाने सुटली नव्हती. हे भेद देवाने केलेले नसून माणसाने केलेले आहेत असे एके दिवशी त्यांच्या मनाला स्वतंत्रपणे पटले तेव्हाच ती गळून पडली. याच पुस्तकात टिळकांचे चित्रही भाबड्या भक्तीने रंगवलेले नाही. खिशात असेल ते देऊन टाकणारा, मराठी मंडळीला तिची गीते देणारा हा कवी घरात किती चटकन संतापत असे हे पत्नीने लपवले नाही, आणि त्यामुळे त्याची थोरवी तसूभरही उणी झालेली नाही. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि स्वतःला पतित म्हणवून देवाला हाक मारण्याची वारकरी रीत त्यांच्या कबुलीच्या गीतांत स्पष्ट ऐकू येते. १९१७ मध्ये, म्हणजे बाप्तिस्म्याला बावीस वर्षे झाल्यावर, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा उभारायला घेतला. एवढ्या काळानंतरही हा माणूस स्वतःवर समाधानी नव्हता.

नेहेम्या नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांचा मार्ग याहून खडतर. काशीच्या पंडितांत वाढलेल्या या विद्वानाने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि उरलेले आयुष्य शंकांशी झुंजत घालवले. शंका म्हणजे पाप नव्हे. तरीही ज्याला देवाविषयी संशय पुन्हा पुन्हा येतो त्याला तो पापासारखाच बोचतो, आणि गोऱ्यांनी ती बोचणी लपवली नाही. मंडळीत अशा माणसांची संख्या वाटते त्यापेक्षा अधिक असते.

रानड्यांचे नाव येथे दुसऱ्या एका कारणासाठीही घेतले पाहिजे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये त्यांच्यापुढे आणि इतर प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचे प्रकरण, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. चहा पिण्यात काही पाप आहे असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून त्यांनी तो विधी पत्करला, आणि सुधारकांनी त्यांना त्याबद्दल बोल लावला. पाप नसताना प्रायश्चित्त, हा तो प्रसंग. ख्रिस्ती मंडळीत याचे उलटे रूप आढळते: आत जखम चिघळत असते आणि बाहेर विधी यथासांग चाललेला असतो. उपवासकाळात मांस वर्ज्य केले, उत्तम शुक्रवारी दिवसभर चर्चमध्ये बसले, पण भावाच्या हिश्शाची जमीन परत केली नाही, तर जे झाले ते प्रायश्चित्त म्हणता येणार नाही.

येशूने शिष्यांना द्राक्षवेल आणि फांद्या यांचा दाखला दिला, तो निफाड तालुक्याइतका कोणालाच जवळचा वाटणार नाही. गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातला बागाईतदार वेल वर्षातून दोनदा छाटतो. काढणी झाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तेव्हा बाग इतकी उघडीबोडकी दिसते की नवख्याला ती मेली असेच वाटावे. पण त्यानंतर फुटणाऱ्या काडीतच, भर उन्हाळ्यात, पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड डोळ्याच्या आत तयार होतात. ते बाहेरून दिसत नाहीत, म्हणून जाणते शेतकरी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतात आणि मगच सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी कोठे घ्यायची ते ठरवतात. योहानाच्या शुभवर्तमानातील दाखल्याचा जो भाग उपदेशात सहसा निसटतो तो हा की तेथे सुरी फळ देणाऱ्या फांदीवरही चालते. विश्वासणाऱ्याला आपली एखादी जुनी खोड वर्षानुवर्षांनी पुन्हा उघडी पडलेली दिसते तेव्हा आपण मागे गेलो असे त्याला वाटते. ती आजच दिसली याचे कारण माळी आज तेथपर्यंत पोहोचला, हेही असू शकते. आणि घड आत धरला आहे की नाही हे वेलीला स्वतःला कळत नाही.

या पार्श्वभूमीवर आजच्या मंडळ्यांतील दोन प्रथांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. पहिली साक्षीची. साक्ष देणे म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते मंडळीसमोर उभे राहून सांगणे; ही रीत सुंदर आहे आणि तिच्यामुळे अनेकांना धीर आला आहे. परंतु तिचा साचा आता इतका पक्का झाला आहे की आधी अंधार, मग प्रभू भेटला, मग सर्व काही ठीक, याबाहेरचे बोलणे कोणाला सुचतच नाही. ज्याची दारू सुटली आणि तीन वर्षांनी, कांद्याचे भाव पडल्याच्या वर्षी, पुन्हा लागली, त्याला या साच्यात जागा नाही. तो मागच्या बाकावर बसू लागतो. प्रभुभोजनाचे ताट आले की भाकरीला हात न लावता ते शेजाऱ्याकडे सरकवतो. काही महिन्यांनी तो बाकही रिकामा होतो. ज्या मेजावर पाप्यांनाच बोलावणे आहे तेथून तो स्वतःला पापी समजतो म्हणूनच उठून जातो, आणि त्याला हात धरून थांबवणारे कोणी नसते. पौलाने करिंथच्या मंडळीला अयोग्य रीतीने भोजन घेण्याविषयी बजावले होते हे खरे. पण तेथे दोष होता तो गरिबांना उपाशी ठेवून आधी जेवून घेणाऱ्यांचा, आपल्या पडण्याने खचलेल्याचा नव्हे.

दुसरी प्रथा प्रत्येक व्यसनात, रागात आणि भांडणात दुष्टात्मा पाहण्याची. सैतानाचे अस्तित्व आणि त्याचे मोह पवित्र शास्त्र मान्य करते. तथापि बायकोवर हात उचलणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्यातला आत्मा घालवला आणि त्याला घरी पाठवले, तर त्या माणसाने आपल्या कृत्याची जबाबदारी कधीच घेतली नाही असे होते, आणि त्या स्त्रीच्या पदरी काहीच पडत नाही. पश्चात्ताप म्हणजे नुसते वाईट वाटणे नव्हे. येशूला पाहायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय जेव्हा खाली उतरला तेव्हा त्याने फसवून घेतलेले चौपट परत देण्याचा शब्द दिला. मुक्तीचे माप तेथे रोख पैशांत दिसले.

मग विश्वासणाऱ्याने करायचे काय? प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन आणि कबुली ही साधने सर्व परंपरांत आहेत आणि त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. यांतील कबुलीबाबत एवढेच सांगावेसे वाटते की कॅथलिक मंडळीने धर्मगुरूपुढील पापनिवेदनाच्या रूपाने जे जपले, ते बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी टाकून दिले तेव्हा त्याजागी दुसरे काही उभारले नाही. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करण्याची आज्ञा आहे. ती पाळायची तर ऐकणाऱ्याला तोंड बंद ठेवता आले पाहिजे, आणि जेथे प्रत्येकाला प्रत्येकाचे घर ठाऊक असते अशा लहान गावात हा गुण दुर्मीळ असतो. पाळकांनी उपदेशाइतकाच या गुणाचा अभ्यास केला तर मंडळीचे चित्र पालटेल.

या विषयात शिरणाऱ्या वाचकाने रोमकरांस पत्राचे ६ ते ८ हे तीन अध्याय एका बैठकीत, मध्ये न थांबता वाचावेत, आणि त्यांच्या जोडीला 'स्मृतिचित्रे' पुन्हा एकदा हाती घ्यावे. आणि ज्याच्या मंडळीत मागचा एखादा बाक अलीकडे रिकामा झाला असेल, त्याने पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी त्या माणसाच्या घरी जाऊन यावे.